रिळाच्या शेवटची शांतता

बुरमाकानच्या माहेरी, आत-बाशीच्या खोऱ्यात, दारासमोरच्या भिंतीशी एक लाकडी पेटी होती आणि पेटीवर छताला टेकेल अशी गोधड्यांची रास. लेकीच्या लग्नात द्यायच्या गोधड्या वेगळ्या, पाहुण्यांच्या वेगळ्या, कुणी गेले की त्या घरी न्यायच्या वेगळ्या. आई न बघता राशीत हात घालायची आणि हवी ती गोधडी ओढून काढायची. रास हलायची नाही. पाहुणे उठले की तीच गोधडी पुन्हा तिच्याच जागी. सगळ्यात खाली एक जाड, कळकट गोधडी होती. ती कधी बाहेर निघत नसे. बुरमाकानने एकदा विचारले तेव्हा आई म्हणाली, "तिच्यावर बाकीच्या उभ्या आहेत. तिला हात लावायचा नाही."

पुढे बुरमाकानच्या वाट्याला जी रास आली ती आवाजांची होती. पण तिने ती आईसारखीच रचली.

ती साहित्य शिकली त्या वर्षांत पगार ही गोष्ट उरलेली नव्हती. तिने नारीनच्या बाजारात लोकरी मोजे आणि चिनी थर्मास विकले. शेजारची विक्रेती म्हणायची, हिच्या दुकानात चोर आला तर त्यालाही हवा तो थर्मास लगेच सापडेल. लग्नानंतर काही वर्षांनी गावातल्या लहानशा संशोधन संस्थेत जागा निघाली. काम कुणालाच नको होते. मागच्या खोलीत बायकांच्या विलापगीतांची रिळे पडली होती, ओल लागलेली, चिकटलेली. माणूस गेला की बायका तंबूच्या आत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याचे सगळे आयुष्य गाऊन रडतात. जुन्या काळी कुणी कुणी ती गाणी नंतर पुन्हा म्हणवून घेऊन रिळांवर भरली होती. मग कॅसेटी आल्या. मग फोन आले, आणि लोक आपापल्या आजीचे रडणे सरळ संस्थेच्या नंबरवर पाठवू लागले.

सगळे संगणकात भरायचे ठरले तेव्हा मेदेर आला. तिशीचा, हसरा, यंत्रांशी बोलणारा. त्याने वर्षभरात रिळांच्या फायली केल्या आणि वर्षभरानंतर त्या फायलींकडे बघून दोघांच्याही तोंडचे पाणी पळाले. 'नवीन'. 'नवीन खरे'. 'आजी रडते'. 'आजी रडते शेवटचे'. 'आजी रडते शेवटचे हेच घ्या'. एकच गाणे पाच ठिकाणी, आणि पाच वेगळ्या बायकांची गाणी एकाच नावाखाली. रिळे कुजली असती तर निदान एकेक करून कुजली असती. हे सगळे एकदम हरवण्याच्या बेतात होते, आणि हरवलेले दिसणारही नव्हते. पडद्यावर सगळे जागच्या जागीच होते.

बुरमाकानने आधी काहीच केले नाही. काही दिवस ती नुसती ऐकत बसली. मग तिने प्रत्येक आवाजाला एक क्रमांक दिला आणि तो क्रमांक जन्मात बदलायचा नाही असे ठरवले. त्याच्यापुढे कोण गाते, कुणासाठी, कुठे, कधी, आणि यंत्र कुणाच्या हातात होते. जे कळत नव्हते ते ओढूनताणून कुठे कोंबायचे नाही. त्यासाठी तिने एक फोल्डर केले आणि त्याला नाव दिले 'दारात'. आत घ्यायचे की नाही हे ठरेपर्यंत पाहुणा दारात उभा राहतो, तसे. आणि रिळावरून पहिल्यांदा उतरलेली कच्ची फाइल होती तशी ठेवायची, तिला कात्री लावायची नाही. ऐकायला, कापायला, स्वच्छ करायला दुसरी प्रत.

"एजे," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारून मेदेर कुरकुरायचा, "ह्या कच्च्या फायली जागा खातात. गाणं संपतं, आणि पुढं नुसती घरघर."

"घरघर कुणीतरी भरलीय ना?"

"कुणी नाही भरली. मशीन बंद करायला विसरलेत."

"मग ते विसरणं भरलंय. राहू दे."

"तुम्ही मेल्यावर थडग्यालाही क्रमांक मागाल."

"मागीन. तू मात्र 'नवीन खरे' म्हणून पुरला जाशील."

तिचे खरे मोठे काम दुसरेच होते. जुन्या कार्डांवर गाणाऱ्या बाईचे नाव क्वचितच असे. 'अमक्याची सून', 'तमक्याची विधवा', फार तर 'म्हातारी, वरची वस्ती'. बुरमाकानने त्या बायकांची नावे शोधून काढली. ती मयतीच्या जेवणांना जाऊन बसली, तिने दूरच्या वस्त्यांना फोन केले, कुठल्या कुठल्या भाचेसुनांना चहाला बोलावले. कधी एका नावासाठी सबंध हिवाळा गेला. नाव सापडले की ती कार्डावरचे 'अमक्याची सून' खोडत नसे. शेजारी बाईचे नाव लिहीत असे. संस्थेतले लोक म्हणत, ह्या बाईने मेलेल्या बायकांची बारशी केली. तिला ते आवडत नसे, पण खोटे नव्हते. ज्या बाईने दुसऱ्यांची नावे घेऊन आयुष्यभर आक्रोश केला तिचे स्वतःचे नाव कुठेच नाही, ही गोष्ट बुरमाकानला रात्रीच्या जेवणातल्या खड्यासारखी लागे.

ह्या सगळ्यावर ती प्रबंध लिहीत होती. पन्नाशी जवळ आली होती. प्रबंध परीक्षक मंडळापुढे मांडायची तारीख दोनदा ठरली होती आणि दोनदा घरच्या कुठल्या ना कुठल्या कारणाने पुढे गेली होती. ह्या शरदात मात्र राजधानीत हॉल ठरला, मंडळ ठरले. प्रबंध पार पडला की मागची खोली आणि तिच्यातले आवाज रीतसर तिच्या ताब्यात येणार होते. तोवर ती त्या आवाजांची नुसती राखणदारीण होती.

प्रबंधात एक प्रकरण होते, त्यावर तिचा जीव होता. मास्तरांचे प्रकरण.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. शाळेत शिकवायचे, आणि सत्तरच्या दशकात कुठूनसे एक जड रेकॉर्डर मिळवून घोड्यावर बांधून विलापगीते भरत हिंडायचे. त्यांची रिळे संस्थेत आली तेव्हा बुरमाकान तिथे नवी होती आणि सासरे जिवंत होते. त्यांनी पेटी तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, माझ्यामागं ह्यांना थंडी लागू देऊ नकोस." एवढेच.

त्यांचे नाव घरात फक्त मुलगा घ्यायचा. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. नावातला शब्दही घेत नाही. त्यांच्या नावात वाट होती, म्हणून त्या घरातल्या बायका वाटेला 'चालायची' म्हणत. "चालायची बर्फानं बंद झालीय," असे एने, म्हणजे बुरमाकानच्या सासूबाई, सांगत आणि शेजारणींना काही विचित्र वाटत नसे. त्यांच्या घरी आणखी कुठला तरी शब्द असा दडवलेला असे. एनेने नवऱ्याला उभ्या जन्मात 'मास्तर' म्हटले. बुरमाकानही 'मास्तर' म्हणू लागली.

तर त्या प्रकरणात बुरमाकानने दाखवले होते की खोऱ्याखोऱ्यांतून जी गाणी आली त्यांतला मोठा भाग एकाच माणसाने भरला. एकच माणूस, एकच कान. वेगळ्या वस्त्यांतल्या बायका एकमेकींपर्यंत पोचल्या नाहीत, पण त्या सगळ्या एका माणसापर्यंत पोचल्या होत्या. म्हणूनच त्यांची गाणी एकमेकींशेजारी ठेवून तोलता येत होती. घरात सांगतच असत की मास्तर उन्हाळाभर गायब असायचे. संगणकात 'मास्तर' म्हणून शोधले की नकाशाभर ठिपके उमटत. ते ठिपके पाहिले की बुरमाकानला वाटे, एका माणसाने एकट्याने एवढ्या दुःखाला कान दिला.

मार्गदर्शक बेक्तुर आगाय, म्हणजे बेक्तुर गुरुजी, म्हातारे होते आणि सहसा कौतुक करत नसत. त्यांनी प्रकरणाच्या शेवटी लिहिले, 'हे मी लिहिले असते तर त्याच दिवशी निवृत्त झालो असतो.' आणि खाली, लाल शाईने, 'पण कोण हे मास्तर? नाव, गाव, सन लिहा.'

रविवारी तिचा नवरा सेयित घरी होता. तो नारीन-राजधानी मिनीबस चालवायचा आणि सुटीच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायला तयार नसायचा. चहा होता, तळलेले बोरसोक होते, जर्दाळूचा मुरंबा होता. बुरमाकानने संगणक टेबलावर आणला.

"जरा इकडं ये. एक शब्द टाइप करून दे."

"तू डॉक्टर होणार आणि टाइप मी करायचं?"

"कर ना. तुझ्या वडलांचं नाव टाकायचंय."

सेयितने मोठ्याने नाव घेतले आणि हसत एकेक अक्षर बडवले. एनेने लगेच चहात नजर घातली. बुरमाकानने सवयीने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

"झालं. आभाळ कोसळलं का?" सेयित म्हणाला. "आणि हे खाली काय? हे सगळं बाबांनी भरलंय? बापरे." तो बोटाने यादी खाली सरकवत गेला. मग थांबला. "हे नाही."

"काय नाही?"

"हे जुमगालचं. उन्हाळा, हा सन. त्या उन्हाळ्यात मी पहिलीत जाणार होतो. बाबा घोड्यावरून पडले होते, पाय प्लास्टरात. सबंध उन्हाळा अंगणात बसून आईच्या अंगावर ओरडत होते. आई, हो ना?"

"ओरडत होते?" एने म्हणाली. "त्यांच्यापेक्षा घोडा शहाणा, पाडून मोकळा झाला."

"मग जुमगालला कसे जातील? तंगडी पाठवली असेल."

दोघे हसली. बुरमाकान हसली नाही. तिने त्या क्रमांकाचे जुने कार्ड पडद्यावर उघडले. नोंदवणारा: गावचे मास्तर. दुसरे उघडले, काझारमानकडचे. नोंदवणारा: शाळामास्तर. तिसरे. हस्ताक्षर तिन्हींवर वेगळे. हे तिने अनेकदा पाहिले होते, आणि कार्डे नंतर कुणीतरी उतरवली असतील असे समजून पुढे गेली होती.

सासऱ्यांच्या पेटीतल्या रिळांना क्रमांक दिले तेव्हा त्यांच्यापुढे, यंत्र कुणाच्या हातात होते त्या रकान्यात, तिने 'मास्तर' लिहिले होते. नाव लिहायचे टाळले असेही तिला वाटले नव्हते. वाटेला चालायची म्हणतात तितक्या सहज तिची बोटे नावावरून वळून गेली होती. पुढे वर्षानुवर्षे दुसऱ्या खोऱ्यांतून कार्डे येत गेली, आणि त्या काळी गाणी भरायची कोण? गावात रेकॉर्डर असायचा तो शाळेत. सगळे मास्तरच. मुकाट संगणकाने सगळ्या मास्तरांना एका खाटेवर निजवले होते, आणि तिने त्यांच्यावर पांघरूण घातले होते. शेकडो बायकांची नावे शोधणाऱ्या बाईने एका पुरुषाचे नाव गाळले होते, आणि त्या एका गाळलेल्या जागेत सबंध प्रकरण कोसळत होते.

"चहा निवला तुझा," एने म्हणाली.

सोमवारी तिने मेदेरला सांगितले. त्याने डोके खाजवले.

"एजे, पाय मोडल्याचं ठाऊक कुणाला? सेयितभाऊंना, एनेला आणि घोड्याला. घोडा मेला."

"मला ठाऊक झालं ना."

"तुम्ही तर घरच्याच. अहो, तारीख ठरलीय. प्रकरण सुंदर आहे. आगाय रडले म्हणे."

"खोट्यावर रडले."

"खोटं कुठं, चूक."

"कालपर्यंत चूक होती, मेदेर. आज बोलले नाही की खोटं."

मेदेरने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "बरं. काय करायचं ते सांगा. मला फक्त 'नवीन खरे' म्हणून पुरू नका."

तिने पहिल्यांदा सगळेच्या सगळे 'मास्तर' उचलून 'दारात' नेले. सासऱ्यांच्या पेटीतलीही. त्या पेटीवर त्यांचे हस्ताक्षर होते, पण आतली रिळे खोक्यांतून निघून एकमेकांत मिसळून गेली होती, आणि आता तिला कशाचाच भरवसा नव्हता. इतक्या वर्षांच्या रचलेल्या राशीत मधोमध एक भगदाड पडले. त्यानंतर तिला तळातली गोधडी आठवली आणि तिने कच्च्या फायली उघडल्या.

प्रबंधासाठी तिने सगळे ऐकले होते, पण कापलेले, स्वच्छ केलेले. गाणे सुरू होते तिथपासून ते संपते तिथपर्यंत. आता ती अलीकडचे आणि पलीकडचे ऐकू लागली. खटका. फिरणाऱ्या रिळाचा आवाज. कुठे एखादा पुरुष बाईला दामटून सांगतो, 'जोरात म्हण, आपा, इथं बघून म्हण.' हा परका. कुठे पाठीमागे मुलांचा गलका. शाळेतच बसवून भरलेले. ती लिहीत गेली. प्रत्येक मास्तराला आपापली खोली होती, आपापला खटका होता, घाई होती.

आणि एका रिळावर वेगळेच काही होते. खटका वाजला, मग बुटांचा आवाज दूर गेला, नमद्याचा जाड पडदा दारावर धप्पकन पडला. मग काही वेळ काहीच नाही. मग बाईने गायला सुरुवात केली, अगदी हलक्या आवाजात, जणू खोलीत कुणीच नाही. खरेच कुणी नव्हते. यंत्र लावून माणूस बाहेर निघून गेला होता. गाणे संपले. मेदेर ज्याला घरघर म्हणायचा ती सुरू झाली. बाईचा श्वास. शेगडीवर किटली. लांब कुत्रे. बाई कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली, "झालं वाटतं." पुन्हा शांतता, चांगली लांब, बाहेरच्या माणसाला खात्री करून घ्यायची होती की आतले रडू निवले आहे. मग पडद्यापलीकडून कुणीतरी खोकले. दोनदा, छोटे, कोरडे.

बुरमाकान खुर्चीतून उठून उभी राहिली.

रुमाल सावरला गेला, पाय जुळले, नजर खाली गेली. कानात हेडफोन, वायर ताणलेली, टेबलावरची पेन्सिल खाली पडलेली. मेदेर समोरून बघत राहिला. "काय झालं, एजे? कुणी आलं का?"

"हो," ती म्हणाली.

सासरे घरात शिरण्याआधी अंगणात असेच खोकत असत. आत सुना असतील, कुणी रुमाल काढून बसली असेल, कुणी पोराला पाजत असेल, हसत असेल. त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. मग दाराशी थोडे थांबत. सून मोठ्या दिरासमोर, सासऱ्यासमोर आवाज चढवत नाही. मग ती मोठ्याने रडणार कशी? मास्तर ज्या वस्त्यांत जात तिथे ते कुणाचे ना कुणाचे थोरले दीर, चुलतसासरे लागत. म्हणून ते यंत्र आत ठेवून स्वतः बाहेर जात. थंडीत उभे राहत. ज्या गाण्यांचा त्यांनी साठा केला त्यांतले एकही गाणे गायले जात असताना त्यांनी धड ऐकले नसणार. बुरमाकानने प्रकरणात लिहिले होते की एका माणसाने एवढ्या दुःखाला कान दिला. तो माणूस तर दुःखाला जागा देऊन बाहेर जाऊन उभा राहिला होता.

तो आवाज तिने घरी नेला. एनेला ऐकू कमी येई, म्हणून आवाज वाढवून हेडफोन तिच्या रुमालावरूनच चढवले. एने किटलीचा आवाज ऐकत असताना डोळे बारीक करून बसली. मग एकदम तिने हेडफोन काढले आणि दाराकडे बघितले.

"कोण आलंय?"

"कुणी नाही, एने. ते ह्याच्यात."

एने पुन्हा ऐकू लागली. खोकला दुसऱ्यांदा वाजला तसे तिचे तोंड वाकडे झाले. "दुसऱ्यांच्या सुनांसाठी बघ कसे खोकतात. माझ्यासाठी कधी खोकले नाहीत. सरळ आत येऊन विचारायचे, शिजलं का."

"त्यांचाच ना पण?"

"मग काय माझा?" एने म्हणाली, आणि हेडफोन काही परत देईना.

मग बुरमाकान खोकला शोधत गेली. जिथे तो होता ती रिळे तिने 'दारात'मधून आत घेतली. नकाशावर ती लावली तेव्हा पूर्वीचे पसरलेले ठिपके गेले होते. घराभोवतीच्या दोन नद्यांच्या मधल्या थोड्याशा वस्त्या उरल्या. एक मोठा भटका संग्राहक नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नात्यागोत्यात हिंडणारा एक संकोची शिक्षक उरला. जुमगालच्या मास्तरांचे नाव त्यांच्या पुतणीने दिले. काझारमानचे मास्तर तर मास्तरीणबाई निघाल्या. काहींची नावे मिळाली. बऱ्याच जणांची मिळाली नाहीत. तिथे तिने 'माहीत नाही' लिहिले. हे दोन शब्द लिहिताना तिला पूर्वी हरल्यासारखे वाटे. आता तिने ते मन लावून लिहिले, जसे एखादे नाव लिहावे. काही रिळे तर अशी होती की मन म्हणत होते, ही सासऱ्यांचीच. पण खोकला नव्हता. तिने मनाचे ऐकले नाही.

तिने बेक्तुर आगायना फोन करून मास्तरांचे प्रकरण काढून टाकतेय म्हणून सांगितले.

"सबंध प्रकरण?" त्यांनी विचारले.

"सबंध."

"हॉल ठरलाय, बुरमाकान. लोक येणार आहेत."

"येऊ देत. मी काय झालं ते सांगते."

"ते परत पाठवतील. मीच पाठवीन. एक वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

"तू बाजारात थर्मास विकायचीस तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायचीस का, हा गळका आहे म्हणून?"

"सांगायचे, आगाय. म्हणून तर धंदा बसला."

फोनवर म्हातारा हसला, पण फार नाही.

राजधानीला जायच्या दिवशी एने नवा पांढरा रुमाल बांधून सेयितच्या मिनीबसच्या पुढच्या सीटवर आधीच बसली होती. कुणी तिला बोलावले नव्हते. "सुनेला परत पाठवतात ते कसं, बघायचंय," म्हणाली. घाटात एका ठिकाणी दरड पडली होती. सेयित खाली उतरून बघून आला. "किती वेळ लागंल रे?" एनेने विचारले. "चालायची मोकळी होईल का?"

हॉल अर्धा भरला होता. बुरमाकान उभी राहिली आणि तिने आधी आपली चूक सांगितली. सगळे सांगितले, पेटीपासून. आपली बोटे कशी वळून गेली तेही. त्यानंतर कच्ची फाइल लावली. हॉलमध्ये बुटांचा आवाज गेला, पडदा पडला, बाई गायली. ती थांबल्यावर लोकांना वाटले संपले; कुणी खुर्चीत हलले, कुणी टाळी वाजवायला हात उचलले. बुरमाकानने हात वर करून थांबवले. रिळाच्या शेवटची ती शांतता तिने पूर्ण चालू दिली. किटली. कुत्रे. झालं वाटतं. मग खोकला आला, आणि पुढच्या रांगेतल्या दोन पोक्त बायका नकळत सावरून बसल्या. ते बुरमाकानने पाहिले.

प्रश्न झाले, काही बोचरे. मंडळ बाजूच्या खोलीत जाऊन आले. निर्णय अपेक्षेप्रमाणेच होता. प्रबंध ह्या स्वरूपात घेता येत नाही; हे नवे प्रकरण लिहून पुढच्या शरदात पुन्हा यावे. बेक्तुर आगायनी तो कोरड्या आवाजात वाचला आणि कागद खाली ठेवला. मग त्यांनी चष्मा काढला.

"एक राहिलं. ज्यांनी ही गाणी भरली त्यांची नावं इथल्या नोंदीत यायला हवीत. जितकी मिळालीत तितकी. वाचा."

पडद्यावर यादी आली. बुरमाकान वाचू लागली. जुमगालच्या मास्तरांचे नाव वाचले. काझारमानच्या मास्तरीणबाईंचे वाचले. माहीत नाही, माहीत नाही, असे स्पष्ट, प्रत्येकाला सारखा वेळ देऊन वाचले. पुढच्या ओळीवर ती थांबली. नाव समोर होते, सेयितने बडवलेले. हॉल वाट बघत होता. तिचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

"बुरमाकान?"

"मी त्यांची सून आहे, आगाय."

हॉलमध्ये हसू पसरले, टिंगलीचे नव्हते. पुढच्या रांगेतल्या एका बाईने रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. बेक्तुर आगाय उठले. वयामुळे त्यांना उठायला वेळ लागला. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, पडद्याजवळ गेले आणि वाचले, "जोलचुबेक मास्तर."

आणि सगळ्यात मागच्या रांगेतून, सेयित हात धरून खाली बसवत असताना, एनेचा खणखणीत आवाज आला.

"जरा मोठ्यानं घ्या की! मागं ऐकू येत नाही."

आगायनी मागे बघितले. मग ते पुन्हा पडद्याकडे वळले, आणि ह्या वेळी त्यांनी नाव मोठ्याने, प्रत्येक अक्षर वेगळे करून घेतले.